लेकीची पाटी

रामकिशनच्या घरात एक रीत होती, त्याच्या आज्यापासून चालत आलेली. हंगामाचं पहिलं जे निघेल, मग तो हुरडा असो, आंबे असोत नाहीतर द्राक्षं, त्याची पहिली पाटी बाजारात जायची नाही. ती लेकीकडं जायची. वेळूची पाटी, खाली लिंबाचा पाला, वर धुतलेलं फडकं. आणि लेकीच्या घरून ती कधी रिकामी परत यायची नाही. मूठभर ज्वारी, गुळाचा खडा, काहीच नसलं तर दारातलं एखादं फूल, पण काहीतरी टाकूनच लेक ती माघारी धाडायची. बाकी घरात किती का ओढाताण असेना, या रितीत कुणी कसूर केली नव्हती.

कसूर झाली ती रामकिशनच्या हातून, आणि तीही एकदा नाही, वर्षानुवर्षं.

चाकूरपासून आत गेलं की त्याची द्राक्षाची बाग लागते. या कोरड्या मुलखात द्राक्षं लावणं हा शुद्ध खुळेपणा, असं सगळा गाव म्हणायचा, आणि रामकिशन कुणाच्या तोंडी न लागता वेलींना पाणी घालत राहायचा. पिकली की मात्र त्याची द्राक्षं अशी पिकायची की नांदेडच्या फळबाजारातला खाजा आडत्या त्यांची वाट बघायचा. खाजा म्हणायचा, ‘‘भाऊ, तुमचा माल आला की मला ओरडावं लागत न्हाई. एक मणी चाखवला की गिऱ्हाईक आपणहून पिशवी म्होरं करतंय.’’ रामकिशन तसा अबोल माणूस, पण हे वाक्य त्यानं गावात कितीदा ऐकवलं असेल त्याला गणती नाही. गोड पिकवणारा माणूस, हीच त्याची ओळख होती आणि तीच त्याची मिजासही.

आरती ही त्याची एकुलती एक लेक. नांदेडला कॉलेजात शिकली, हुशार निघाली, आणि एक दिवस घरी येऊन म्हणाली की नाशिककडं वाइनच्या कारखान्यात नोकरी लागलीय. रामकिशनच्या गळ्यात तुळशीची माळ. माळकरी बापाला हे ऐकून काय वाटलं असेल ते तुम्हीच समजा. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, राग तिथल्या तिथं निघून गेला असता. तो शांतपणे म्हणाला, ‘‘जायचं तर जा. पर हितून म्होरं तुझ्या नावाची पाटी भरायची न्हाई.’’

त्याची बायको तारामती हट्टाला त्याच्याहून कमी नव्हती. दर साली पहिली तोडणी झाली की ती पाटी भरून उंबऱ्यावर ठेवायची. रामकिशन यायचा, पाटी उचलायचा आणि खाजाकडं जाणाऱ्या क्रेटमध्ये उलटी करायचा. तारामती पाटी धुवायची, खुंटीला अडकवायची आणि पुढच्या साली पुन्हा भरायची. या घरात भांडण असंच चालायचं, तोंड न उघडता.

मग एका उन्हाळ्यात साध्या तापाचं निमित्त होऊन तारामती गेली. आरती आली. दहाव्याचे पाहुणे पांगले, घरात दोघंच उरली, तेव्हा तिची नजर खुंटीवरच्या पाटीकडं गेली.

‘‘अण्णा, आई दर साली भरायची का?’’

‘‘हाव.’’

‘‘आन् तुम्ही?’’

लेकीनं पुन्हा विचारलं नाही. उठून चुलीवर चहा ठेवला, त्याच्या कपात नेहमीपेक्षा चमचाभर साखर जास्त घातली आणि कप त्याच्या हातात दिला. त्या चहानं रामकिशनला जेवढं रडवलं तेवढं बायकोच्या मौतीनंही रडवलं नव्हतं. त्या दिवसापासून त्याला एकच आस लागली. मरायच्या आधी एकदा लेकीच्या हातात तिची पाटी द्यायची. आणि ती अशी गोड द्यायची की मागच्या सगळ्या सालांची भरपाई व्हावी.

आरती मग महिन्या दोन महिन्यांनी यायला लागली. बागेत फिरायची, माती हातात घेऊन बघायची. एकदा म्हणाली, अर्ध्या बागेवर वाइनच्या जातीचं कलम करू. रामकिशननं माळेवरून हात फिरवला आणि म्हणाला, ‘‘पिकवायचं मी बघतो. म्होरचं तुझं तू.’’ लेक येत राहील तर तो बाभळीवरही कलम करायला तयार होता, मग वेलीचं काय.

कलमं धरली. पहिलं पुरतं पीक येणार त्या साली आरती दिवाळीला आली ती बातमी घेऊनच. तिच्या कारखान्यानं शब्द दिला होता की या एका साली या बागेची वाइन वेगळी काढून बघू. जमली तर चाकूरलाच रस काढायचा छोटा कारखाना टाकू आणि तो आरतीनं सांभाळायचा.

‘‘म्हंजी तू हितं राहणार?’’ रामकिशननं विचारलं.

‘‘कायमची. न्हाई जमलं तर मात्र फ्रान्सहून बोलावणं आलंय, तिकडं जावं लागंल. ह्या कामाचं मूळ तिथलं हाय. पर मला जायचं न्हाई, अण्णा. मला घरी यायचंय.’’

एवढं साधं होतं सगळं. एक पीक, आणि लेक घरी.

भाकरी थापता थापता तिनं त्याला सगळं समजावून सांगितलं. ही साधी वाइन नव्हे, ही फेसाची. घड न कुस्करता हळूच दाबून रस काढायचा. त्याची आधी साधी वाइन होऊ द्यायची. मग ती बाटलीत भरताना जराशी साखर आणि यीस्ट घालायचं आणि वरून झाकण ठोकायचं. बाटलीत ती पुन्हा आंबते. त्यातून निघणाऱ्या वायूला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तो वाइनीतच मुरतो. तोच तिचा फेस.

‘‘मग अंधारात आडवी झोपवायची,’’ आरती म्हणाली. ‘‘साल दीड साल. नंतर फळीला लावून रोज जराजरा फिरवत उलटी करत न्यायची, म्हंजी तळाचा गाळ सरकत तोंडाशी येतो. मग नुसती मान गोठवायची. झाकण काढलं की गाळाचा गोळा आपसूक बाहेर उडतो आन् वाइन नितळ राहते.’’

‘‘एवढा उपद्व्याप करायचा, तर द्राक्षं तरी चांगली घ्यावी माणसानं. आंबट कामून घेता?’’

आरती हसली. ‘‘तुम्ही येळवशीला ताकाची आंबट आंबिल पिता. तिच्यात गूळ घातला तर प्याल का?’’

‘‘छ्या.’’

‘‘मग? हिचाबी जीव आंबटपणात हाय. साखर चढली की आंबट उतरतं, दारू वाढते, आन् मग बाटलीत दुसऱ्यांदा धड आंबतच न्हाई. म्हणून मी सांगंल त्या दिवशीच तोडायची. तोंडात घालून बघू नका. तुमची जीभ मला म्हाईत हाय.’’

रामकिशनही हसला. मला कळलं, म्हणाला. आणि हे ध्यानात ठेवा, त्याला खरंच कळलं होतं. न कळून केलं असतं तर माणसाला स्वतःला माफ तरी करता येतं.

तोडणीचा दिवस आला तो येळवस तोंडावर आलेली असताना. लातूरच्या मुलखात वेळ अमावस्येला कुणी कामाला हात लावत नाही, सगळा गाव रानात जेवायला जातो, हे आरतीला ठाऊक होतं. म्हणून तिनं दिवस आधीचाच धरला होता. ती स्वतः येऊ शकत नव्हती, तिकडं टाक्या धुऊन तयार ठेवायच्या होत्या. माल गार ठेवणाऱ्या गाडीचा मल्लेश ड्रायव्हर उदगीरहून दुपारपर्यंत पोचणार होता. भल्या सकाळी सरजाबाई आपल्या बाया घेऊन कात्र्या हातात धरून हजर झाली. ही सरजाबाई बागेत इतकी वर्षं तोडणी करत होती की कुठल्या ओळीला कसला घड लागतो ते ती न बघता सांगायची.

रामकिशननं पाटी खुंटीवरून काढली. धुतली. लिंबाचा पाला अंथरला. पहिला घड आपल्या हातानं तोडला आणि सवयीनं, निव्वळ सवयीनं, एक मणी तोंडात टाकला.

दात आंबले. डोळे मिटले गेले. तो तसाच उभा राहिला, एका हातात घड, दुसऱ्या हातात पाटी. एवढ्या सालांनी लेकीची पाटी भरायची, आणि ती ही अशी? तारामतीनं भरलेली एकेक पाटी त्याला आठवली. मधासारखी द्राक्षं होती ती, आणि त्यानं ती उलटी केली होती. आणि आता हे आंबटढाण लेकीच्या पदरात टाकायचं?

‘‘आज ऱ्हाऊ द्या,’’ तो म्हणाला. ‘‘तुमचा रोज मी देतो. येळवस झाल्यावर बघू.’’

सरजाबाईनं कात्री खाली केली. ‘‘भाऊ, लेकीनं सांगितलं व्हतं ना, आंबटच तोडा म्हणून?’’

‘‘दोन दिवसानं काय व्हतंय?’’

त्यानं मल्लेशला वाटेतूनच माघारी फिरवलं आणि आरतीला फोन केला, की येळवशीमुळं बाया मिळेनात. माळ घातल्यापासून हा माणूस खोटं बोलला नव्हता. आरती म्हणाली, ‘‘बरं. पर येळवशीच्या दुसऱ्या दिवशी नक्की.’’

येळवशीला खाजा आपल्या बायकोला, आबेदाला, घेऊन नांदेडहून दरसालासारखा जेवायला आला. कडब्याच्या कोपीत पाच दगड मांडून पांडवांची पूजा झाली. भज्जी, उंडे, खीर, मडक्यातली गार आंबिल. रामकिशननं आंबिलीचे चार पेले रिचवले आणि मिशा पुसत म्हणाला, आज छान आंबलीय. नेमकं हेच लेकीनं त्याला सांगितलं होतं, आणि तिचं सांगणं त्याला त्या घडीला काही आठवलं नाही. देव जाणे माणसाचं मन त्याला कसं फसवतं. जेवण झाल्यावर त्यानं खाजाला मुद्दाम नव्या वेलींकडं नेलं.

खाजानं एक मणी चघळला. त्याला काय ठाऊक ही द्राक्षं कशाला लावलीत, त्यानं आयुष्यभर एकच मोजमाप वापरलं होतं. ‘‘आता कुठं गोडी धरून राहिलीय, भाऊ. आठवडाभर हात लावू नका. मग बघा.’’

बस्स, रामकिशनला हेच ऐकायचं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं आरतीला सांगितलं की आभाळ आलंय, घड ओले आहेत. त्याच्या पुढच्या दिवशी सांगितलं की मल्लेशची गाडी बिघडलीय. आरतीचा आवाज दर फोनला बारीक होत गेला. ‘‘अण्णा, मी येऊ का?’’ तिनं विचारलं. ‘‘येऊन काय करतीस? मी हाय ना,’’ तो म्हणाला. बापावर एकदा का विश्वास टाकला की लेक तरी किती खोदून विचारणार. आणि बाहेर ऊन असं पडलं होतं की द्राक्षं दिवसागणिक गोडीला चढत होती. रामकिशन सकाळ-संध्याकाळ चाखून बघायचा आणि खूश व्हायचा. शेवटी एका सकाळी मणी तोंडात विरघळला आणि त्यानं सरजाबाईला निरोप धाडला.

पाटीतली द्राक्षं त्यानं सगळ्या बागेतून निवडून भरली. गाडीत मागं क्रेट, पुढं मल्लेशच्या शेजारी रामकिशन, आणि त्याच्या मांडीवर पाटी. मल्लेश म्हणाला, ‘‘मामा, मागं गारव्यात ठेवा की.’’ रामकिशननं ठेवली नाही. सगळ्या वाटेनं त्यानं ती धरून ठेवली, खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलून धरली. दारूच्या ज्या कारखान्यापायी त्यानं लेकीला तोडलं होतं, त्या कारखान्यात तो आज पहिल्यांदा चालला होता, आणि नवरीकडच्या माणसासारखा नवा फेटा बांधून चालला होता.

आरती फाटकातच उभी होती. ती वाकून पाया पडली, आणि उठताना मल्लेशनं उघडलेल्या गाडीतल्या क्रेटकडं, त्यातल्या घडांकडं तिचं लक्ष गेलं. हिरवट असायला हवे होते ते मणी पिवळे पडले होते. तिनं खिशातून साखर मोजायचं यंत्र काढलं, एक मणी काचेवर पिळला, उजेडाकडं धरून डोळा लावला. मग दुसऱ्या क्रेटमधला मणी. मग तिसऱ्यातला. रामकिशन तिच्या तोंडाकडं हसून बघत होता. तिनं यंत्र खाली घेतलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर त्याला सोसवला असता. तिच्या चेहऱ्यावरून सगळं पुसल्यासारखं झालं होतं.

तिचा साहेब, सुगत नावाचा, भला माणूस. त्यानंही चाखलं, मोजलं. म्हणाला, ‘‘द्राक्षं फार सुंदर आहेत, काका. आम्ही घेऊ. पण साध्या वाइनच्या टाकीत जातील, बाकीच्यांबरोबर. आरतीच्या कामाला नाही चालायची.’’

‘‘म्होरच्या साली?’’ रामकिशननं विचारलं.

सुगतनं आरतीकडं बघितलं आणि तो आत निघून गेला. कंपनीनं एकाच सालाचा शब्द दिला होता, हे रामकिशनला दिवाळीपासून ठाऊक होतं.

आरती त्याला आत घेऊन गेली. अंधारी, गार खोली. तिकोनी उभ्या केलेल्या फळ्या, फळ्यांना भोकं, भोकाभोकात एकेक बाटली तोंड खाली करून. एक माणूस दोन्ही हातांनी दोन दोन बाटल्या धरून कुलपात किल्ली फिरवावी तशा जराशा फिरवत पुढं चालला होता. अगदी टोकाला एक फळी रिकामी होती. तिच्या माथ्यावर खडूनं, आरतीच्या गोल अक्षरात, एकच शब्द लिहिलेला होता. तारामती.

‘‘वाइनचं नाव,’’ आरती म्हणाली. ‘‘इथं लागणार व्हत्या आपल्या बाटल्या.’’

रामकिशन खाली बसला. नवा फेटा काढून मांडीवर ठेवला.

‘‘बाया मिळत व्हत्या ना, अण्णा?’’ तिनं हळू विचारलं.

‘‘हाव.’’

‘‘मग का थांबलात?’’

त्यानं पाटी पुढं सरकवली. वरचं फडकं काढलं. ‘‘लेकीची पाटी आंबट कशी द्यायची?’’ एवढंच म्हणाला, आणि म्हाताऱ्याचा बांध फुटला. ‘‘इतकी सालं दिली न्हाई, बाई. आन् दिली ती आंबट? तुझ्या आईला काय त्वांड दाखवू मी?’’

आरती त्याच्याजवळ खाली बसली. पाटीतला एक मणी उचलून तिनं तोंडात टाकला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती चावत होती. ‘‘लई गोड हायत,’’ ती म्हणाली. खरंच होती. रामकिशनच्या हातून तेवढी गोड द्राक्षं आजवर पिकली नव्हती. बाप-लेक त्या गार खोलीत मांडीला मांडी लावून बसले आणि एकेक मणी खात राहिले, कारण दुसरं करण्यासारखं त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं.

उरलेली द्राक्षं तिनं तिथल्या कामगारांना वाटली, पाटी पुसून रामकिशनच्या हातात दिली आणि त्याला गाडीत बसवून दिलं. गाडी हमरस्त्याला लागली तेव्हा रामकिशनच्या ध्यानात आलं. पाटी रिकामी होती. ना गुळाचा खडा, ना मूठभर दाणे. आरती रागावली नव्हती, रुसली नव्हती. ती विसरली होती. मल्लेशनं चहाला गाडी थांबवली, पण रामकिशन उतरला नाही.

उन्हाळ्यात आरती फ्रान्सला गेली. रविवारी फोन करते. तिकडचं थंडीचं सांगते, त्याच्या गुडघ्याचं विचारते, आवाज मायेचा असतो. द्राक्षाचं ती काढत नाही आणि तोही काढत नाही. कलमं उपटून टाका, असं गावानं त्याला दहादा सांगितलं. त्यानं ती ठेवली, छाटली, पाणी घातलं.

पुन्हा येळवस जवळ आली तशी एका सकाळी त्यानं सरजाबाईला एकटीलाच बोलावून घेतलं. ती कात्री घेऊन आली. ओट्यावर पाटी धुऊन ठेवलेली, लिंबाचा पाला अंथरलेला. रामकिशन घडांकडं नुसता बघत होता, मणी तोंडात न टाकता. सरजाबाईनं एक टाकला आणि तिचं तोंड वाकडं झालं.

‘‘भाऊ, आंबट हायत की वो.’’

‘‘हाव,’’ रामकिशन म्हणाला. ‘‘माझ्या लेकीला अशीच लागत्यात.’’

पाटी न्यायला कुठली गाडी येणार नव्हती, हे सरजाबाईला ठाऊक होतं. तिनं पहिला घड तोडला आणि पाल्यावर अलगद ठेवला.